कोर्टाचा हुकूम मोडला हे कोर्ट कसं ठरवतं? ठाणे आणि नवी मुंबईतल्या पक्षकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात मनाई हुकूम असताना शेजारचं बांधकाम चालूच राहतं. पोटगीचा आदेश होतो, पण खात्यात दमडी येत नाही. तडजोडीत कबूल केलेली तारीख उलटून जाते. अशा वेळी माणूस तडक वकिलाकडे येऊन म्हणतो, "साहेब, अवमान लावा." त्याचा संताप रास्त असतो. कोर्ट मात्र आधी हुकमाचा कागद वाचतं, आणि पुढचं सगळं त्या कागदावरच्या शब्दांपासून सुरू होतं. कोर्ट नाक्यावर आणि बेलापूरला दिवाणी दावे चालवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी आपल्या वकिलांना हुकमाची नक्कल जरूर दाखवा.

हुकूम मोडला की नाही, हे ठरवताना कोर्ट नेमकं काय बघतं?

घटनेच्या दिवशी हुकूम अमलात होता का, हे सगळ्यात आधी. अंतरिम हुकूम बऱ्याचदा "पुढील तारखेपर्यंत" असतो. त्या तारखेला मुदत वाढवून घ्यायची राहून गेली, तर मधल्या दिवसांत झालेल्या कृत्याला उल्लंघन म्हणणं कठीण जातं. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) "अंतरिम हुकूम पुढे चालू" अशी नोंद आहे की नाही, हे प्रत्येक तारखेला बघा.

त्यानंतर हुकमाचे शब्द, समोरच्याला त्याची माहिती होती का, त्याने केलेली गोष्ट त्या शब्दांत बसते का, आणि ती त्याने जाणूनबुजून केली का, हे तपासलं जातं. यातला एक दुवा निसटला तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ खालची, म्हणजे मनाई हुकूम मोडल्याबद्दलची, कारवाई शिक्षेच्या स्वरूपाची आहे, म्हणून तक्रारदाराने उल्लंघन निःसंशय सिद्ध केलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध सुखदेव प्रसाद या निकालात सांगितलं. दाव्यात "जास्त शक्यता कोणाच्या बाजूने" एवढ्यावर भागतं. इथे तसं भागत नाही.

आमच्या हुकमात फक्त "जैसे थे परिस्थिती ठेवावी" असं आहे. तेवढं पुरतं का?

कधी पुरतं, कधी नाही. सगळ्यात जास्त प्रकरणं फसतात ती इथेच, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

समजा कोपरखैरण्यातलं एक रो-हाऊस आहे. शेजाऱ्याने सामाईक भिंतीवर वरचा मजला चढवायला घेतला. तुम्ही दावा लावला आणि निशाणी ५ वर, म्हणजे अंतरिम मनाईच्या अर्जावर, "उभय पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी" असा हुकूम मिळाला. तीन आठवड्यांनी वर स्लॅब दिसतो. तुम्ही म्हणता, हुकमानंतर टाकला. तो म्हणतो, हुकमाच्या दिवशी स्लॅब झालेलाच होता, मी फक्त पाणी मारलं. आता "जैसे" म्हणजे नेमकं कसं होतं, हे कोर्टाने कशावरून ठरवायचं? हुकमात ना मजल्याचा उल्लेख, ना मोजमाप. दोन अर्थ निघत असतील आणि समोरचा त्यातल्या एकाला धरून वागला असेल, तर अवमान होत नाही. २०१४ च्या रामकिशन विरुद्ध तरुण बजाज निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडलं आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की मनाईचा अर्ज करतानाच त्या दिवसाची स्थिती दप्तरी आणावी. आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंती त्याच वेळी करा. कमिशनर जागेवर जाऊन मोजमाप घेतो, नकाशा काढतो, पंचांच्या सह्या घेतो. चांगला कमिशनर किती बारकाईने बघतो, ते त्याच्या अहवालात दिसतं: कॉलमच्या डोक्यावर सोडलेल्या सळया गंजलेल्या की नव्या कोऱ्या, सेंट्रिंगच्या फळ्या लागलेल्या की काढलेल्या, विटांचे थर किती, प्लास्टर ओलं की सुकलेलं. महिन्याभराने त्याच जागी दुसरा अहवाल झाला, तर दोन कागद शेजारी ठेवल्यावर वादाला फारशी जागा उरत नाही. उल्लंघनाचा गवगवा झाल्यावर पहिल्यांदा कमिशनर मागितला, तर समोरचे वकील हमखास हरकत घेतात की वादीला कमिशनरमार्फत पुरावा गोळा करायचा आहे. ती हरकत कधी कधी मान्यही होते.

हुकूम मागताना प्रार्थनेची, म्हणजे अर्जातल्या मागणीची, वाक्यंही नेमकी हवीत. "बांधकाम करू नये" यापेक्षा "दावा मिळकतीच्या पहिल्या मजल्याच्या वर कोणतंही नवीन बांधकाम स्वतः, नोकर, कंत्राटदार वा अन्य कोणामार्फत करू नये" हे कितीतरी बळकट आहे.

हुकमात आकडा असला की फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचं उदाहरण ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या मानवी मनोऱ्याला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा शिथिल करायला नकार दिला. त्या वर्षी ठाण्यात त्याहून उंच हंडी बांधल्यावरून आयोजकांवर गुन्हा दाखल झाला. "सुरक्षित उंची ठेवा" एवढाच आदेश असता, तर सुरक्षित म्हणजे काय यावरच वर्षं गेली असती. २० फूट म्हटल्यावर टेप लावायचा प्रश्न उरला.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचं बंधन स्वतः घालायचं नाही असं ठरवलं आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या सहभागावर बंदी राहिली. पण नियम पुढे बदलला म्हणून २०१६ मधलं कृत्य मागे जाऊन कायदेशीर होत नाही. त्या दिवशी जो आदेश लागू होता, त्यावरच ते तपासलं जातं.

समोरचा म्हणतो, "मला हुकमाची प्रत मिळालीच नाही."

प्रत रीतसर बजावली गेली असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तरी त्याला हुकूम माहीत होता हे दुसऱ्या मार्गाने दाखवता येतं. हुकूम झाला तेव्हा तो किंवा त्याचा वकील कोर्टात हजर होता का? रोजनामा बघा. बेलीफाने (कोर्टाचे कागद बजावणाऱ्या कर्मचाऱ्याने) दारावर प्रत चिकटवून पंचनामा केला का? तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत त्याने उघडली का? २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अंमलबजावणीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफने गेलेली नोटीस बजावणी म्हणून ग्राह्य धरली, कारण ती पोचली होती आणि उघडलीही गेली होती.

एकतर्फी मनाई हुकूम मिळाला असेल, तर आदेश ३९ नियम ३ प्रमाणे अर्ज, शपथपत्र, दाव्याची प्रत आणि सोबतची कागदपत्रं समोरच्याला लगेच पाठवायची असतात, आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. हे काम पक्षकार आणि वकील दोघेही हुकमाच्या आनंदात विसरतात. असं करू नका.

मोबाईलवरचे व्हिडिओ चालतात का?

चालतात, पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत हवं. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. जुन्या साक्ष कायद्यातलं कलम लागू असताना, २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं स्पष्ट केलं होतं. ग्रुपवरून फिरून आलेला व्हिडिओ देण्यापेक्षा ज्याने तो काढला त्याच्या मूळ मोबाईलमधली फाइल जपा, आणि त्याची साक्ष द्यायची तयारी आहे का ते आधी विचारा.

"जाणूनबुजून" हे कोर्टाला कसं कळणार? मनातलं कोण बघतं?

वागण्यावरून कळतं. हुकूम कळल्यावर त्याने काय केलं? काम थांबवलं, मुदतवाढीचा अर्ज दिला, अडचण शपथपत्रावर सांगितली, की रात्री काँक्रीटची गाडी बोलावली? सुट्ट्या लागून आल्या की रातोरात काम उरकण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही, आणि अशी वेळ निवडणं हाच हेतूचा बोलका पुरावा ठरतो.

उलट, पालन करणं खरोखरच हाताबाहेरचं असेल तर शिक्षा होत नाही. एखाद्याला अमुक तारखेपर्यंत नवी मुंबई महापालिकेची परवानगी आणून द्यायला सांगितलं, त्याने अर्ज वेळेत केला, पाठपुरावाही केला, तरी परवानगी अडकली, तर तो दोषी ठरणं अवघड आहे. पण अर्जच केला नसेल आणि तारखेच्या दिवशी "पालिकेकडे अडकलंय" म्हणत असेल, तर कोर्ट आवक-जावक क्रमांक मागतं. तिथे खरं-खोटं लगेच उघडं पडतं.

वकिलाच्या सल्ल्याने केलं, हे कारण शिक्षा कमी करायला कधी उपयोगी पडेल. त्याने उल्लंघन पुसलं जात नाही.

"आम्ही अपील केलंय," असं म्हणून ते हुकूम पाळत नाहीत.

नुसत्या अपिलाने हुकूम थांबत नाही. आदेश ४१ नियम ५ हे स्पष्ट सांगतो. वरच्या कोर्टाची स्थगिती दाखवा, नाहीतर हुकूम पाळा, एवढंच त्यावर उत्तर. स्थगिती अर्जाची सुनावणी अगदी तोंडावर असेल, तर कोर्ट थोडी वाट बघतं.

हुकूमच चुकीचा होता असं नंतर ठरलं तर?

तरी मधल्या काळातलं उल्लंघन माफ होत नाही. तय्यबभाई बगसरवाला विरुद्ध हिंद रबर इंडस्ट्रीज हा १९९७ चा निकाल मुंबईतल्या दाव्यातूनच आला होता. दावा ऐकण्याचा अधिकार त्या कोर्टाला नव्हता असं पुढे ठरलं, तरी तोवर दिलेला मनाई हुकूम मोडणारा शिक्षेला पात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. हुकूम पटत नसेल तर तो बदलून घ्या, रद्द करून घ्या, त्यावर अपील करा. तो चूक की बरोबर हे स्वतःच ठरवून मोडण्याची मुभा कोणालाच नाही, आणि माझ्या मते ती नसणंच योग्य आहे. नाहीतर प्रत्येक हुकूम फक्त गरिबाला बांधील राहील.

अवमान याचिका करू, की दरखास्त?

ठाणे किंवा बेलापूरच्या दिवाणी कोर्टाचा अंतरिम मनाई हुकूम मोडला असेल, तर त्याच कोर्टात नियम २अ चा अर्ज करायचा. कोर्ट मिळकत जप्त करू शकतं, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. जप्ती एका वर्षापर्यंत राहते; तोवरही उल्लंघन चालूच राहिलं, तर जप्त मिळकत विकून त्यातून भरपाई देता येते.

अंतिम हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्याचा अर्ज. कायम मनाईच्या दरखास्तीला मुदत नाही, पण "अमुक बांधकाम पाडून टाका" अशा आज्ञार्थी मनाईला फक्त ३ वर्षं आहेत. इतर बहुतेक हुकूमनाम्यांना १२ वर्षं. ही ३ वर्षं कधी संपली हे न कळलेले लोक दर महिन्याला भेटतात, फार वाईट वाटतं.

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ खालची दिवाणी अवमानाची कारवाई उच्च न्यायालयासमोर चालते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कृत्य घडल्यापासून एका वर्षाच्या आत याचिका दाखल व्हायला हवी. दिवाणी अवमानासाठी महाधिवक्त्यांची संमती लागत नाही. ती अट फौजदारी अवमानाला आहे. आणि एक लक्षात घ्या: अवमानाच्या कोर्टात मूळ हुकमात नसलेली नवी दाद मिळत नाही. हुकमाच्या चौकटीबाहेर ते कोर्ट जात नाही.

तडजोड झाली होती. त्याने पाळली नाही. हा अवमान आहे का?

पुरसीस (तडजोडीचा कोर्टात दिलेला लेखी कागद) काढून वाचा. "प्रतिवादी ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करील" एवढंच असेल, तर तो पक्षकारांतला करार आणि त्यावरचा हुकूमनामा आहे. सरळ दरखास्त करा. "प्रतिवादी कोर्टाला हमी देतो की..." असं असेल, आणि कोर्टाने ती हमी स्वीकारल्याची नोंद असेल, तर हमीभंग हा थेट अवमान आहे. १९७९ च्या बाबूराम गुप्ता निकालापासून हा भेद चालत आलाय. २००६ च्या रमा नारंग निकालात तडजोडीच्या हुकमाचं हेतुपुरस्सर उल्लंघनही अवमान ठरू शकतं असं आलं आहे, तरी हमीचं एक वाक्य लिहून घेणं केव्हाही शहाणपणाचं. लोकअदालतीतली तडजोडही हुकूमनाम्यासारखीच अमलात आणता येते.

पोटगीचा आदेश आहे, पण नवरा म्हणतो पैसेच नाहीत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं १२५) वसुलीचा अर्ज करता येतो. पुरेसं कारण नसताना पैसे थकवले, तर दंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालय वॉरंट काढून वसुली करतं, आणि तरी रक्कम थकली तर एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. ही मुदत चुकवू नका, दर काही महिन्यांनी अर्ज करत राहा.

कैद भोगली म्हणजे पोटगी फिटली, असं अनेक नवऱ्यांना वाटतं. तसं नाही. कुलदीप कौर प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद हा वसुलीसाठी आणलेला दबाव आहे, रक्कम देणं बाकीच राहतं. "पैसे नाहीत" हे तपासायला २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने मोठी सोय केली: दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. त्यात लपवलेली घोडबंदर रोडची दुसरी सदनिका इंडेक्स दोनमध्ये (दस्त नोंदणीच्या उताऱ्यात) सापडली की बोलणं खुंटतं.

साध्या पैशांच्या हुकूमनाम्यात मात्र खरोखर ऐपत नसलेल्याला तुरुंगात टाकता येत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. ऐपत असून टाळाटाळ केली, हे दाखवावं लागतं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण आदेश आहे, तरी तो दारात येऊन शिव्या देतो.

थांबू नका, पोलीस ठाण्यात जा. २००५ च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा झाला असा निष्कर्ष काढू शकतं. आदेशाची नक्कल पर्समध्ये आणि मोबाईलमध्ये, दोन्हीकडे ठेवा. संरक्षण अधिकाऱ्यालाही कळवा.

बिल्डरविरुद्ध महारेराचा आदेश मिळाला. पैसे मात्र आले नाहीत.

रेरा कायद्याच्या कलम ४०(१) खाली वसुली वॉरंटसाठी महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) अर्ज करा. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. खरी वाट बघावी लागते ती तिथे, म्हणून बिल्डरच्या न विकलेल्या सदनिका, भूखंड, बँक खाती यांची माहिती तुम्हीच तहसीलदारांना पुरवली तर काम हलतं. आदेश न पाळणाऱ्या प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, कलम ६३ खाली दररोज दंड लागू शकतो, प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

ग्राहक आयोगाचा आदेश असेल, तर २०१९ च्या कायद्यात दोन दरवाजे आहेत: कलम ७१ ची अंमलबजावणी, आणि कलम ७२, ज्यात किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

कोर्टाचा हुकूम नाही, नुसता करार मोडला आहे. तिथे काय बघतात?

कोणी आधी काय करायचं होतं, हे. सीवूड्समधल्या सदनिकेचा व्यवहार घ्या. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते. विकणारा म्हणतो, ९० दिवसांत पैसे आले नाहीत, बयाणा जप्त. घेणारा म्हणतो, कर्ज मंजूर होतं, पण ना-हरकत मिळाल्याशिवाय बँक पैसे सोडेना. करारात ना-हरकत आणण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असेल, तर आपलं काम न करता त्याला दुसऱ्याला बोल लावता येत नाही. घेणाऱ्यानेही आपली तयारी आणि इच्छा सिद्ध करायची असते: मंजुरीपत्र, पाठवलेली पत्रं, खात्यातली शिल्लक. मुदत हा कराराचा गाभा होता का, हेही शब्दांवरून आणि वागण्यावरून ठरतं. मुदत संपल्यावर तुम्ही हप्ता स्वीकारला असेल, तर नंतर मुदतीवर अडून बसणं जड जातं.

करारात दंडाची मोठी रक्कम लिहिली म्हणून ती सगळी मिळत नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे ती वरची मर्यादा आहे. तिच्या आत कोर्ट वाजवी भरपाई देतं.

सोसायटीविरुद्ध हुकूम होता. आता चेअरमन बदलले. जबाबदार कोण?

हुकूम सोसायटीला बांधतो, माणसं बदलली तरी. शिक्षेचा प्रश्न येतो तेव्हा त्या काळात कारभार कोणाकडे होता आणि कोणाला माहिती होती, ते बघतात. नव्या समितीला आदेशाची नक्कल लेखी पोच घेऊन द्या, म्हणजे "जुन्यांनी सांगितलंच नाही" हा बचाव संपतो.

माफी मागितली की सुटतो का?

माफी मनापासून आहे असं वाटलं तर कोर्ट शिक्षा सोडू शकतं. पण तोडलेली भिंत पुन्हा बांधून दिली का, बळकावलेली खोली परत केली का, हे आधी विचारलं जातं. उल्लंघनातून मिळालेला फायदा कोणाच्या पदरात राहू नये, हे तत्त्व १९९६ च्या स्किपर कन्स्ट्रक्शन निकालात ठळकपणे आलं आहे. म्हणून तुमच्या अर्जात शिक्षेबरोबर "पूर्वस्थिती आणून द्यावी" ही मागणी नक्की घाला.

घर खारघरला आहे. अर्ज बेलापूरला करायचा का?

नाही. खारघर आणि पनवेल नवी मुंबईत मोडत असले तरी जिल्हा रायगड आहे, मिळकतीचा दावा पनवेलच्या कोर्टात जातो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात. उल्लंघनाचा अर्ज ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच करायचा, किंवा दावा जिथे वर्ग झाला असेल तिथे. निघण्याआधी हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल, रोजनाम्याची नक्कल आणि बजावणीचा अहवाल, हे तीन कागद काढून ठेवा.